चौकी वाढवणे

खारपाखाडी, भांडुप (पूर्व)
४ जुलै २०२४

ती. मथुराबाय हिस,

'तीर्थरूप' लिहावं की नाही यावर थोडा वेळ गेला. शेवटी लिहिलं. तू वयाने मोठी आहेस, आणि ते जन्मतारखेवर ठरतं, वागण्यावर नाही.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजला एकच टिक येते, तिचा अर्थ मला कळतो. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावती जोडून. मिळालंच नाही असं नंतर म्हणता येणार नाही.

मुद्द्यावर येतो. गेल्या रविवारी तुझा मितेश चौकीवर आला होता. एकटा नाही. बरोबर पॉलिश केलेले बूट घातलेला एक माणूस होता, आणि त्याच्या हातात भिंतीवर लाल ठिपका पाडून लांबी मोजायचं यंत्र. पाखाडीत चिखलातून पॉलिशचे बूट घालून कोण येतं? ज्याला परत यायचं नसतं तो, नाहीतर ज्याला इथे पुढे चिखल राहू द्यायचा नसतो तो.

मी विचारलं, "काय रे मितेश?"

"काय नाय मामा. सहजच."

सहज कुणी भिंत मोजत नाही. सहज कुणी चौकी आणि मागच्या खोलीमधलं चिणलेलं दार नखाने खरवडून बघत नाही. मी जवळ गेलो तसं मितेशने मला चहाचं विचारलं. माझ्याच गावात मला चहाचं विचारतो.

पुढचं तुला माहीत आहे, पण लिहून ठेवतो. हे पत्र उद्या कुणाला दाखवायची वेळ आली तर त्याला सगळं समजायला हवं. मिठागरं चालू होती तेव्हा खाडीवरून येणारं मीठ मोजायला ही चौकी बांधली. काळा दगड, चुन्याची जोडणी, सागाची तुळई, वर मंगलोरी कौलं. तुळईत मिठाच्या काट्याचा लोखंडी आकडा अजून आहे. सरकारने ती सोडली तेव्हा गावकीने लिलावात घेतली. पुढची चौकी जमातीची, म्हणजे गावाच्या मंडळाची झाली. मागची शिपायाची खोली आपल्या आजोबांना मिळाली, म्हणून आता ती तुझी आणि माझी, अर्धी अर्धी. छप्पर मात्र दोन्हीवर एकच. त्यामुळे आपल्या दोघांच्या सहीशिवाय चौकी दुरुस्त होत नाही, आणि पाडताही येत नाही.

पालिकेची नोटीस एप्रिलमध्ये लागली. आत्ता टेकू द्या, दिवाळीनंतर पक्की दुरुस्ती करा, नाहीतर धोकादायक म्हणून उतरवू. टेकू जमातीने दिले. दुरुस्तीच्या संमतीचा फॉर्म मी शेवंतीच्या हाती तुला मे महिन्यात पाठवला. माझी सही त्यावर आहे. तुझी जागा रिकामी आहे.

फॉर्म दाबून ठेवायचा आणि मोजणीला माणूस पाठवायचा, या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघतो आहे. पाखाडीच्या तोंडाशी ज्याचा टॉवर चढतो आहे त्याला ही जागा पार्किंगसाठी हवी आहे, हे इथल्या मांजरांनाही ठाऊक आहे. मितेश घरांची दलाली करतो. मी फक्त लिहितो आहे, निष्कर्ष काढत नाही.

उत्तर दे.

राजाराम


१५ जुलै २०२४

ती. मथुराबाय हिस,

पोचपावती आली. सही 'रुचिका' अशी आहे. म्हणजे सुनेने घेतलं. तू घरात नव्हतीस की दाराशी यायचं नव्हतं, ते पावतीवरून कळत नाही.

पण आता नवीनच गोष्ट कळली आहे. तू गेल्या गुरुवारी इथे येऊन गेलीस. चेंबूरहून भांडुपला आलीस, पाखाडीत उतरलीस, शेवंतीकडे बसलीस, चौकीला चक्कर मारलीस आणि माझ्या घरावरून न थांबता गेलीस. मी घरात होतो. खिडकी उघडी होती. मी तेव्हा कौलांच्या मापाचं एक पुस्तक वाचत होतो, त्यामुळे बाहेर लक्ष नव्हतं. असतं तर हाक मारलीच असती असं नाही.

कळलं ते असं. शेवंतीकडे बोंबील घ्यायला गेलो. जमातीची अध्यक्ष झाली तरी सकाळी ती पाटावरच बसते. बोंबील उलटून पालटून बघत होतो तर म्हणाली,

"काय रे राजाराम, बोंबलाला पण नोटीस लावणार काय?"

मी म्हटलं, मऊ वाटतोय.

"बोंबील मऊच असतो. कडक पायजे तर चौकीचा दगड घेऊन जा." मग सुरी पुसत म्हणाली, "तुझी बहीण येऊन गेली, म्हायती हाय ना?"

मी म्हटलं, माहिती आहे. माहीत नव्हतं.

"बोलली, पुनवेच्या आधी सगळं उरकू. चौकी वाढवायची म्हणाली."

मी हातातला बोंबील खाली ठेवला. विचारलं, "वाढवायची? हाच शब्द? नक्की?"

"मग काय रेकॉर्डिंग करून ठेवू? वाढवायची म्हणाली. घाईत होती. मितेश खाली गाडी चालू ठेवून उभा होता."

बाय, हा शब्द दुसऱ्या कुणी वापरला असता तर मी सोडून दिला असता. तू वापरलास. आपल्या घरात या शब्दाचा अर्थ काय, ते तुला आणि मलाच ठाऊक. आईने आयुष्यात कधी 'बांगडी फुटली' म्हटलं नाही. 'वाढली' म्हणायची. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बाजारातून उठताना ती पाटी उचलायची नाही, धंदा वाढवायची. बाबा गेले तेव्हा तिच्या बांगड्या तू वाढवल्यास, मी दारात उभा होतो. संपवायचं, मोडायचं, पण तोंडाने अशुभ बोलायचं नाही, म्हणून हा शब्द. मी याच्यावर एकदा गावच्या स्मरणिकेत लेखही लिहिला होता. तू वाचला नसशील.

तर तू शेवंतीच्या तोंडावर, तिला कळणार नाही अशा भाषेत, चौकी पाडायची आहे असं सांगून गेलीस. आणि तेही नारळी पुनवेच्या आधी. ज्या चौकीत गावाचा सोन्याचा नारळ आदल्या दिवशी येऊन बसतो, ती चौकी. शब्द मात्र आईचा वापरलास. पाडायची होती तर 'पाडायची' म्हणायचं होतं.

मी मागच्या खोलीला दुसरं कुलूप लावलं आहे. चावी माझ्याजवळ.

राजाराम


२६ जुलै २०२४

मथुराबाय,

यावेळी 'तीर्थरूप' घातलं नाही, ते चुकून नाही.

तुझ्या मौनाला आता काय म्हणायचं ते मला कळत नाही, म्हणून जे झालं ते क्रमाने सांगतो. मी वॉर्ड ऑफिसात हरकतीचा अर्ज दिला. 'सदर वास्तूस हानी पोहोचवणारे कोणतेही अनधिकृत काम तात्काळ थांबवावे.' वाक्य माझं आहे आणि त्यात एकही शब्द फालतू नाही. माझा रोख मितेशच्या कामावर होता. ऑफिसने अर्थ जरा व्यापक घेतला. त्यांचा माणूस आला, त्याला चौकीला बांधलेले बांबू आणि ताडपत्री दिसली, आणि तो म्हणाला हे काम पण थांबवा, परवानगीचा कागद दाखवा. कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. दुसरी सही कुणाची राहिली आहे हे तुला सांगायला नको. ठेकेदार बांबू घेऊन गेला. टेकू फक्त पुढे राहिले.

रविवारी जमातीची बैठक झाली. मी उभा राहून बोललो. घरचं गावात बोलू नये असं तू म्हणशील. पण गावाचं कुणी घरात बसून ठरवत असेल तर? मी सांगितलं की माझ्या बहिणीने चौकी पाडायचं ठरवलं आहे.

शेवंती म्हणाली, "कागद दाखव."

मी म्हटलं, कागद नाही. शब्द आहे.

"कुठला शब्द?"

मी सांगितला. त्याचा अर्थ सांगितला. आईची उदाहरणं दिली. सगळे ऐकत होते, आणि मागून दादू पाटील म्हणाला, "राजाराम, तू चौकीला इतकी वर्षं चुना लावलास, आता गावाला नको लावू." हसले सगळे. मीही थोडा हसलो, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. पण शेवंती हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी तर तिला तशी बोलताना नाय ऐकली." मी म्हटलं, तुला तो अर्थच माहीत नाही, तर ऐकणार कशी?

बैठक तिथेच मोडली.

आता ऐक. काल दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. मागच्या खोलीच्या खाडीकडच्या कोपऱ्यातली कौलं घसरली आणि वाशांसकट आत बसली. तो कोपरा तुझ्या अर्ध्यातला आहे. मी कुलूप उघडून आत जाऊन पाहिलं. आणखी लिहीत नाही.

उत्तर दिलंस तर त्यात काय लिहिशील, ते मी तुला आधीच सांगू शकतो. म्हणून कदाचित तू देत नसशील.

राजाराम


चेंबूर
३ ऑगस्ट

राजा,

मी सांगते, रुचिका लिहिते. तिचं अक्षर चांगलं हाय आणि ती मराठी शाळेत शिकवते. मी सांगितलेल्या शिव्या ती गाळणार हाय, तेवढ्या तू मनाने भर.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून हसले, दुसरं वाचून मितेशला शिव्या घातल्या, तिसरं रुचिकाने वाचून दाखवलं तेव्हा मी भांडी घासत होते, हातातलं पातेलं तसंच ठेवलं.

मितेशबरोबर आलेला माणूस बिल्डरचा नव्हता. त्याच्या मित्राचा भाऊ, इंजिनिअर. मी पाठवलेला. बूट त्याचे तसेच असतात, तो त्याच बुटांनी लग्नाला पण जातो.

वाढवायची म्हणजे मोठी करायची रे. मोठी. आणि मी ते शेवंतीला लपवून नाय बोलले, सरळ बोलले, ती सरळ समजली. वाकडं फक्त तू समजलास. मी चेंबूरला सून होऊन आले तेव्हा माझ्या रश्मीचा पण जन्म नव्हता, आता तिची मुलं कॉलेजात जातात. इथे लोक बाल्कनी वाढवतात, दुकान वाढवतात, ऑटोचं भाडं वाढवतात. मना आईचा शब्द आठवतो, पण तो जिभेवर येत नाय आता. आईची भाषा तुझ्याकडेच राहिली. खोलीसारखी.

माझा अर्धा भाग मी जमातीला देते. बक्षीसपत्र करणार. मधलं दार उघडायचं आणि चौकी आणि खोली एक करायची. का म्हणशील तर सांगते. पुनवेच्या आदल्या दिवशी नारळ चौकीत बसतो तेव्हा पुरुष आत बसतात. बाया कुठे बसतात? रस्त्यावर. आत जागा नाय म्हणून. आई जन्मभर उंबऱ्याबाहेरून ओवाळायची, मागून रिक्षावाला हॉर्न मारायचा. तू आत बसायचास, तुला आईचा फक्त हात दिसायचा, ताट धरलेला. मना सगळी दिसायची. म्हणून वाढवायची.

तुझ्या फॉर्मवर सही का नाय केली? त्यावर तू लिवलंस, 'वास्तू आहे तशी ठेवून दुरुस्ती करणे.' आहे तशी म्हणजे दार बंदच. मी आहे तशीला सही करणार नाय. तुला का नाय सांगितलं? तू विचारलंस कुठे. तू बजावतोस.

आणि दार. सगळ्या गावाला सांगत फिरतोस की जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका, खारं पाणी आत अडकतं, भिंत फुगते. त्या दारात सिमेंट कुणी भरलं? आईच्या दहाव्याला कागद पुढे केलास, म्हणालास तुझा हिस्सा माझ्या नावे कर, तू दिल्या घरची, चौकी मी सांभाळेन. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दार बंद. आईची मासळीची वेताची पाटी पण आतच राहिली. मी ती मागायला आले नाय कारण मागितली असती तर तू पावती लिहून घेतली असतीस.

आता माझा कोपरा पडला. बरं झालं असं मी म्हणणार नाय. पण तुझ्या अर्जाने पडला, माझ्या शब्दाने नाय.

पुनव एकोणीसला हाय. तू काय ते ठरव.

मथुरा

(मामा, मी रुचिका. आईंनी इथे संपवायला सांगितलं, पण त्या कालपासून दोनदा म्हणाल्या की पाऊस थांबला का बघ, भांडुपला थांबला का. ते मी माझ्या मनाने लिहिलं आहे.)


११ ऑगस्ट २०२४

ती. मथुराबाय हिस,

तुझ्या पत्रात दोन चुका आहेत. कागद मी दहाव्याला नाही, बाराव्याला आणला होता. आणि दार दुसऱ्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी बंद केलं. बाकी मजकूर बरोबर आहे.

दार उघडलं. गवंडी मागवला नाही, स्वतः छिन्नी घेऊन बसलो. सिमेंट ढेकळं होऊन निघालं, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा चुना आत पार पीठ झाला होता. बोटाने खरवडला तर घळाघळा ओघळला. चाखून पाहिला. खारट. त्यावर मला जे म्हणायचं आहे ते मी स्मरणिकेत पूर्वीच लिहिलेलं आहे, दुसऱ्यांच्या भिंतींबद्दल.

हरकत मागे घ्यायला वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, कारण काय लिहू?

मी म्हटलं, अर्थ चुकला.

"कशाचा?"

"क्रियापदाचा."

त्या म्हणाल्या, "काका, इथे भिंतींच्या तक्रारी घेतात." मग त्यांनीच 'कौटुंबिक गैरसमज' असं लिहिलं. मला तो शब्दप्रयोग ढोबळ वाटतो, पण सही केली. बांबू कालच परत आले. ताडपत्री नवीन टाकली, निळी.

शेवंतीला जाऊन सांगितलं. तिने मासे तोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "बैठकीत उभा राहून बोललास, आता बैठकीत उभा राहूनच सांग." सांगितलं. दादू पाटलाने परत काहीतरी म्हटलं, ते लिहीत नाही. बाया मात्र त्याच संध्याकाळी येऊन दारातून आत डोकावून गेल्या. कुणी कुठे बसायचं यावरून त्यांची आताच बोलाचाली सुरू झाली आहे.

संमतीचा नवीन फॉर्म जोडला आहे. 'आहे तशी' हे शब्द काढले. त्याऐवजी 'मधले दार खुले करून' असं घातलं आहे. बक्षीसपत्राचा मसुदा मितेशकडून मला पाठव. त्यात 'जमात' हे नाव जसं नोंदणीत आहे तसंच हवं, एखाद्या ट्रस्टचं नको, आणि पुढे कुणाला विकता येणार नाही असं स्पष्ट हवं. मी वाचल्याशिवाय तू सही करू नकोस. मितेशवर संशय आहे असं नाही. आहे, पण आधीपेक्षा कमी आहे. त्या इंजिनिअरने मोजलेली मापं मी टेपने परत मोजली. बरोबर निघाली. त्याला तसं सांग.

एक राहिलं. आईची पाटी मी त्याच कोपऱ्यात खुंटीला लावून ठेवली होती. वर कापड बांधलं होतं, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवायचो, हे तुला कुणी सांगितलं नसेल कारण कुणाला ठाऊक नव्हतं. कौलं आली ती तिच्यावरच. तिसऱ्या पत्रात मी 'आणखी लिहीत नाही' म्हटलं ते यामुळे. पाटी वाढली, बाय. दुसरा शब्द मला लिहिता येत नाही.

कड शाबूत आहे, तिला धरून परत विणता येईल असं शेवंती म्हणते. तिच्या ओळखीत कुणी आहे. मी विचारलं, वेत तोच वापरतील ना? तर म्हणाली, आधी बहिणीला विचार, पाटी अर्धी तिची हाय. म्हणून विचारतो. विणून घेऊ का?

नारळ रविवारी, अठराला, चौकीत येईल. तुझा कोपरा निळ्या ताडपत्रीखाली आहे, पण जमीन कोरडी आहे, मी स्वतः बसून पाहिलं. दारात उभं राहिलं की तिथून नारळ सरळ समोर दिसतो, मध्ये काहीच येत नाही. ओवाळायचं ताट घरून आणू नकोस, आईचं माझ्याकडे आहे. मितेश गाडी बंद करून येणार असेल तर त्यालाही आण.

आणि आपलं भांडण. बाय, ते आता वाढवू या. आईच्या अर्थाने.

तुझा,
राजा